नंबर

भवानी पेठेतल्या सुताच्या दुकानात 'सूत आहे का' असं कुणी विचारत नाही. सूत नाही तर दुसरं काय असणार? गिऱ्हाईक विचारतं, "वीस नंबर आहे का?" दुकानदार उलट विचारतो, "सिंगल का डबल?" एवढ्यावर अर्धा सौदा होतो, उरलेला अर्धा भावाचा.

सोलापूरच्या या भागात, घोंगडे वस्ती-मड्डी वस्तीच्या गल्ल्यांत, घराला लागूनच कारखाना असतो. कारखाना म्हणजे यंत्रमागांची खोली. एका घरातली भाषा तेलुगू, शेजारच्या घरातली कन्नड, त्यापलीकडे उर्दू, आणि रस्त्यावर येताच सगळ्यांची मिळून मराठी, तीही 'काय बे' म्हणणारी खास सोलापुरी. या चारही भाषांत एक शब्द जवळपास तसाच आहे. तेलुगू-कन्नड तोंडात त्याचा 'नंबरु' होतो, एवढाच काय तो फरक. सुताचा नंबर, घराचा नंबर, चष्म्याचा नंबर, दवाखान्यातला नंबर, नळावरचा नंबर. इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही दिवसात हा इंग्रजी शब्द अनेकदा येतो आणि दर वेळी वेगळ्या अर्थानं येतो.

सुतापासूनच सुरुवात करू, कारण तिथला नंबर सगळ्यांत फसवा आहे. नवख्याला वाटतं, २० नंबरपेक्षा ४० नंबर जाड असेल. प्रत्यक्षात उलटं. नंबर जितका मोठा, सूत तितकं बारीक. १० नंबरचं सूत भरड, ८० नंबरचं तलम. चादरीला आणि टॉवेलला लागतं ते भरड बाजूचं, १० ते २० च्या आसपासचं. ८० आणि १०० ची भाषा तलम साड्यांच्या आणि धोतरांच्या विणकरांची.

हे असं का, याचं उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या रहाटात आहे. सूत गुंडाळायच्या त्या रहाटाचा घेर दीड यार्ड. त्याचे ८० फेरे झाले की १२० यार्ड सूत होतं. त्याला 'ली' म्हणत. अशा सात ली मिळून एक हँक, म्हणजे आपली लडी, ८४० यार्डांची. आता एक पौंड सूत तराजूत टाकायचं आणि त्यात अशा किती लड्या बसतात ते पाहायचं. वीस बसल्या तर २० नंबर. ऐंशी बसल्या तर ८० नंबर. वजन तेवढंच ठेवून लांबी वाढवायची तर सूत बारीकच होणार. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, २० नंबरचं सूत उलगडलं तर १६,८०० यार्ड भरतं, पंधरा किलोमीटरच्या थोडं वर. तेच ८० नंबरचं असेल तर एकसष्ट किलोमीटर. एवढं सूत भवानी पेठेतून पुण्याच्या रस्त्यानं सोडत गेलं तर मोहोळ ओलांडून बरंच पुढे जाईल.

डबलची गोष्ट आणखी गंमतीची. २० नंबरचे दोन पदर एकत्र पिळले की कागदावर ते २/२० असं लिहितात आणि तोंडानं 'दोन-वीस' म्हणतात. दोन पदर आले म्हणून नंबर दुप्पट होत नाही, निम्मा होतो; दोन-वीसची जाडी १० नंबरच्या सुताएवढी. शाळेतल्या गुरुजींनी अपूर्णांक इथून शिकवायला घेतले असते तर विणकरांची पोरं गणितात मागे पडली नसती, असं माझं जुनं मत आहे.

देशानं १९५६ च्या कायद्यानं दशमान मापं स्वीकारली. विणकर सूत किलोनं घेतो, कापड मीटरनं विकतो. नंबर मात्र अजून पौंड-यार्डातलाच आहे. 'टेक्स' नावाचं आंतरराष्ट्रीय मापही आहे: एक हजार मीटर सुताचं वजन किती ग्रॅम. त्या हिशोबात २० नंबर म्हणजे साडेएकोणतीस टेक्स. पाठ्यपुस्तकात ते असतं. बाजारात "साडेएकोणतीस टेक्स द्या" असं म्हणणाऱ्याकडे दुकानदार इन्स्पेक्टर आल्यासारखं बघेल.

या नंबरावर एकदा साम्राज्याचं राजकारणही झालं आहे. सोलापूरची पहिली गिरणी, जिला गाव आजही जुनी मिल म्हणतं, मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी उभी केली आणि ती १८७७ मध्ये सुरू झाली. त्या काळात देशातल्या बहुतेक गिरण्या भरड सूत काढत. बारीक सुताची मक्तेदारी लँकशायरची. १८९४ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारला पैशाची चणचण भासली आणि त्यानं परदेशी कापडावर व सुतावर ५ टक्के आयात जकात बसवली. लँकशायरचे गिरणीमालक खवळले. त्यांची समजूत काढायला सरकारनं देशी गिरण्यांवरही तेवढाच अबकारी कर लावला, पण सरसकट नाही: २० नंबरच्या वरच्या सुतावर. म्हणजे एकवीस नंबर कातलं की कर, वीस कातलं की माफ. लँकशायरशी जिथे टक्कर होऊ शकते, नेमकी तिथेच ही रेघ ओढली होती.

लँकशायरचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. १८९६ मध्ये रेघ पुसली गेली आणि सुतावरचा कर काढून देशी गिरण्यांच्या सगळ्याच कापडावर साडेतीन टक्के लावला गेला. गरिबाच्या अंगावरचं जाडंभरडं कापडही, ज्याच्याशी लँकशायरचा काडीचा संबंध नव्हता, करात आलं. टिळकांनी 'केसरी'तून त्याविरुद्ध रान उठवलं आणि विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली. वंगभंगाच्या स्वदेशी चळवळीला तेव्हा नऊ वर्षं अवकाश होता. तो कर जायला १९२५-२६ साल उजाडलं. एका सुताच्या नंबराभोवती सुरू झालेलं भांडण तीस वर्षं चाललं.

मोठा नंबर म्हणजे बारीक माल, हा नियम धरून कुणी चालू लागलं तर पुढच्याच दुकानात ठेच लागते. रेशमाचा आणि पॉलिस्टरचा नंबर डेनियरमध्ये असतो, आणि डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तिथे नंबर वाढला की धागा जाड. एकाच कारखान्यात एका मागावर सुती आणि दुसऱ्यावर पॉलिस्टर चाललं असेल, तर कामगाराला हे दोन उलटे नंबर एकाच डोक्यात सांभाळावे लागतात आणि तो ते बिनबोभाट सांभाळतो. मोटार भरणाऱ्याकडची तांब्याची तार सुताच्या पक्षाची: १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर, २० नंबरची एक मिलिमीटरलाही कमी. तार जितक्या वेळा छिद्रातून ओढावी तितकी ती बारीक होते आणि तितका तिचा नंबर चढतो, असा त्याचा उगम. रंगाऱ्याचा पॉलिश पेपरही त्याच पक्षाचा, ८० खरबरीत आणि २२० गुळगुळीत. सुईमध्ये तर घरातच भांडण आहे. हातशिलाईच्या सुईचा नंबर वाढला की सुई नाजूक होते. शिलाई मशिनच्या सुईचा वाढला की जाड. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने बरेच आहेत. तिथे १४ नंबरची सुई मागितली आणि १८ ची दिली तर पातळ कापडाला भोकं पडतात.

चष्म्याच्या नंबरानं तर एकदा सबंध कोलांटी उडी मारली आहे. आज आपण ज्याला नंबर म्हणतो ते डायॉप्टर. भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन त्यानं एकला भागलं की तो मिळतो. नंबर २ म्हणजे अर्धा मीटर, नंबर ४ म्हणजे पाव मीटर. म्हणून उणे २ नंबरच्या माणसाला चष्म्याविना साधारण अर्ध्या मीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. स्वतःचा नंबर ठाऊक असेल तर हा हिशोब घरीही करून बघता येतो. ही पद्धत १८७० च्या दशकात फ्रान्समधून पसरली. त्याआधी भिंगाचा नंबर म्हणजे त्याचं नाभीय अंतर, इंचांमध्ये. तेव्हा ४० नंबरचा चष्मा सौम्य आणि १० नंबरचा जबर. आज कुणी ४० नंबर सांगितला तर डॉक्टर खुर्चीतून उठतील.

एवढं बघितल्यावर प्रश्न पडतो, की या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? लॅटिनमधला 'नुमेरुस' फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो मोजणीचा शब्द म्हणून. इंग्रजीत त्याचे अर्थ पसरत गेले. संख्या हा पहिला. मग क्रमांक. मग मासिकाचा अंक. मग कार्यक्रमातलं गाणं किंवा नाच. व्याकरणातलं वचनही नंबरच, आणि बायबलमधल्या एका पुस्तकाचं इंग्रजी नाव 'नंबर्स', कारण त्यात इस्राएली लोकांची शिरगणती आहे. शिवाय इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या नशिबी एक जुळं भावंडही आहे: बधिर या अर्थाच्या शब्दाचं 'अधिक बधिर' हे रूप अगदी याच अक्षरांनी लिहितात, फक्त उच्चार 'नमर'सारखा करतात.

मराठीनं यातलं काय घेतलं आणि काय सोडलं ते बघण्यासारखं आहे. इंग्रजीतला पहिलाच अर्थ, संख्या, आपण सोडून दिला. 'सभेला लोकांचा मोठा नंबर होता' असं मराठी माणूस चुकूनही म्हणत नाही. किती, याचं उत्तर द्यायला आपल्याकडे संख्या होती, आकडा होता, मोजदाद होती, गणती होती. त्या खात्यात बाहेरचा माणूस नको होता. नंबर घेतला तो कितवा आणि कुठला या प्रश्नांसाठी. मराठीतला नंबर मोजत नाही, जागा दाखवतो: रांगेतली जागा, यादीतली जागा, प्रतीतली जागा. सुताचा नंबरही मुळात मोजमाप असला तरी दुकानात उभं राहून ८४० यार्ड कुणी मोजत नाही. वीस नंबर म्हणजे दहा आणि चाळीस यांच्यामधली एक ओळखीची जागा.

मासिकाच्या बाबतीत इंग्रजीला नंबर सुचला तिथे मराठीला अंक सुचला, म्हणजे दोन्ही भाषांनी आकड्याच्याच शब्दाला कामाला लावलं. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, दिवाळी नंबर काढला नाही, हे बरं झालं. आणि आपला अंक काही कमी हिंडलेला नाही. नाटकाचा अंक, हिशोबातला अंक, आईचा अंक.

हा जागा दाखवणारा नंबर महाराष्ट्राच्या खेड्यात आला तो मोजणीदाराच्या साखळीबरोबर, आणि आला तोही सोलापूरच्या अगदी उशाशी. इंग्रजी राज्य आल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे-सोलापूर भागात जमीन महसुलाची एक आकारणी केली होती. ती इतकी अवजड निघाली की शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं काम सुरू केलं. त्यांनी शेताशेताला हद्दीचे दगड घातले, नकाशे काढले आणि प्रत्येक शेताला एक आकडा दिला. एका बैलजोडीला कसता येईल एवढं रान म्हणजे साधारण एक नंबर, असा त्यांचा आडाखा. हा सर्व्हे नंबर. हीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली.

त्याआधी रानांना नावं होती आणि दप्तरात थळं होती. आंब्याचं रान, पांढरीकडचा मळा, अमक्याचं थळ. नाव गावाला कळतं, मामलेदाराला कळत नाही. नंबर मामलेदाराला कळतो आणि तो बदलून आला तरी कळतो. कागद आणि नकाशा यांची गाठ नंबरानं मारली गेली आणि शेतकऱ्याला आपली मालकी दाखवायला साक्षीदारांऐवजी आकडा मिळाला. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानं तुकडे जोडून गट पाडले, तेव्हा सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला. जुन्या खरेदीखतात एक आणि नव्या उताऱ्यात दुसरा नंबर असल्यानं किती भाऊबंद कोर्टात गेले, याची गणती वकिलांनाच ठाऊक.

त्याच दप्तरानं मराठीला एक अस्सल शब्द दिला, ज्यात नंबर हा शब्दही उरलेला नाही. तलाठ्याकडे गावाचे एकवीस नमुने असतात. त्यातला सातवा हक्काचा आणि बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून तो सातबारा. खात्याचा उतारा 'आठ अ', फेरफार म्हणजे सहा नंबरचा नमुना. फॉर्मच्या नंबरांचं इतकं जिवंत नाम दुसऱ्या कुठल्या भाषेत झालं असेल असं मला वाटत नाही. 'सातबारा कोरा करा' ही घोषणा ऐकताना सात आणि बारा हे आकडे कुणाच्या कानाला लागतही नाहीत.

सोलापूर जिल्ह्याच्या पिकांनी नंबराशी दोन वेगळे व्यवहार केले आहेत. मोहोळच्या संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात स्थानिक ज्वारीतून एक वाण निवडला गेला, मालदांडी ३५-१. जगभरचे ज्वारीचे शास्त्रज्ञ त्याला 'एम ३५-१' म्हणून ओळखतात. आपल्या मार्केट यार्डात मात्र ३५-१ गळून गेलं आणि मालदांडी उरली. उसाचं बरोबर उलटं. को ८६०३२ या वाणाला 'नीरा' असं सुंदर नाव दिलं होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. 'फुले २६५' मधलं फुले गेलं आणि दोनशे पासष्ट राहिलं. "यंदा काय, शहाऐंशी बत्तीस का दोनशे पासष्ट?" हा बांधावरचा नेहमीचा प्रश्न. या आकड्यांत साल दडलेलं आहे. ८६०३२ म्हणजे १९८६ सालातला बत्तिसावा वाण. दोनशे पासष्टचं सरकारी नाव कोएम ०२६५, म्हणजे २००२ सालातला पासष्टावा. पुढचं शून्य गळालं आणि सालातला दोन पासष्टाला चिकटून दोनशे पासष्ट झाले. शेतकऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नाही, आणि असायचं कारणही नाही. ऊस ओळखू आला म्हणजे झालं.

घराला लागून कारखाना असलेल्या गल्लीत पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या वस्तीत नळ सामाईक, तिथे घागरींची रांग लागते, आणि मराठी क्रियापदांनी या नंबराला कसं वेगवेगळं नाचवलं ते तिथे कळतं. घागर ठेवली की नंबर लावला. पुढच्या घागरी भरल्या की नंबर आला. मध्येच कुणी घुसलं की नंबर मारला, आणि मग जो काही संवाद होतो तो चारही भाषांत होतो. पण मुलाचा मेडिकलला नंबर लागला, म्हणजे प्रवेश मिळाला. घरकुलाच्या यादीत नंबर लागला, म्हणजे नाव निघालं. वर्गात नंबर आला, म्हणजे पहिल्या तिघा-पाचांत आला. तिथे कितवा ते सांगायचीही गरज नाही, कारण एकोणिसावा येण्याला नंबर येणं म्हणत नाहीत. लावणं आपल्या हातातलं, लागणं नशिबातलं, येणं वेळेचं किंवा हुशारीचं. एवढा बारकावा इंग्रजीत या शब्दाला कधीच नव्हता. तो मराठीच्या क्रियापदांनी त्याला दिला. फोनच्या नंबराला तबकडी होती तेव्हा तो फिरवत. तबकडी गेली, तरी वडीलधारी माणसं अजून "त्याला नंबर फिरव जरा" म्हणतात.

प्रत्ययाची करामत 'एक नंबर' या जोडीत सगळ्यांत चांगली दिसते. "शेंगाचटणी एक नंबर बे!" इथे त्याला कुठलाही प्रत्यय चालत नाही, लिंग नाही, वचन नाही, चटणी, चादर, सिनेमा, माणूस, सगळ्यांना एकच एक नंबर. 'एक नंबरचा चोर' म्हटलं की स्तुती संपली, तो अट्टल झाला. 'एक नंबरचे पैसे' म्हटलं की ते पावतीचे, कर भरलेले. आणि शाळेतलं लहान मूल करंगळी दाखवून 'एक नंबर' म्हणालं तर बाईंनी त्याला लगेच बाहेर सोडावं. 'पहिला नंबर' मात्र यातलं काहीच करू शकत नाही. तो बिचारा निकालपत्रापुरता. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी नंबर काढून क्रमांक घालावा असं वेळोवेळी सुचवलं आहे. प्रशस्तिपत्रावर 'प्रथम क्रमांक' शोभतो, तो तिथे असावाच. पण चटणीची चव घेऊन 'एक क्रमांक!' म्हणून बघा.

दोन नंबरची कथा ठाऊक आहेच. व्यापाऱ्याच्या दोन वह्या, एक सरकारला दाखवायची आणि दुसरी गादीखाली ठेवायची. त्या दुसऱ्या वहीतला पैसा तो दोन नंबरचा, असं त्याचं मूळ सांगतात. तीन नंबरचा पैसा मात्र मराठीत नाही.

जुगारातल्या नंबराचं सुतापेक्षाही जुन्या गोष्टीशी, कापसाशी, नातं आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला ते तारयंत्रानं मुंबईला कळे, आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये तो भाव येणं थांबलं. पुढच्याच वर्षी कल्याणजी भगत यानं आणि १९६४ मध्ये रतन खत्री यानं आपापला खेळ सुरू केला, ज्यात आकडे मडक्यातून काढत. मडक्यामुळे मटका हे नाव पडलं. पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे त्यातले दोन शब्द कापूस बाजाराच्या उघडण्या-मिटण्याचेच राहिले. गिरणीत कापूस पिंजणारा कामगार संध्याकाळी ज्या ओपनवर पगार लावत होता, तो शब्दही कापसाच्याच गाठोड्यातून आला होता, हे त्याला कुणी सांगितलं नसणार. इथे एक लक्षात घ्यावं: मटक्यात लोक 'आकडा लावतात' आणि 'नंबर लागतो'. आपण लावला तोवर आकडा, जिंकला की नंबर.

नंबर गाडीच्या पाटीवर चढला तेव्हा त्याला मिरवायची हौस आली. सोलापूरची गाडी एमएच १३, अकलूजची एमएच ४५, एवढी ओळख कायद्याला पुरेशी आहे. पण आवडीच्या नंबरासाठी लोक वेगळी फी भरतात आणि मग इंग्रजी आकड्यांतला ४१४१ असा वळवून लिहितात की तो 'दादा' वाचता यावा. नंबर वाचता न येणारी पाटी नियमबाह्य आहे आणि तिला दंड होतो. दादांना त्याची पर्वा असती तर ते दादा कशाला झाले असते? विडीच्या बंडलावरचा नंबर त्यामानानं साळसूद. पताका ५०२ काय किंवा मंगलोर गणेश ५०१ काय, अक्षर न वाचणाऱ्यालाही तीन आकडे ओळखता येतात.

काही नंबरांचा मात्र पुरता शिवीत शेवट झाला. पंजाब आणि उत्तरेकडच्या पोलीस ठाण्यांत ज्यांच्यावर पाळत ठेवायची अशा माणसांची नोंद दहाव्या क्रमांकाच्या वहीत होई. त्यावरून 'दस नंबरी' आला. १९७६ मध्ये त्याच नावाचा मनोजकुमारचा सिनेमा आला आणि शब्द महाराष्ट्रभर झाला. आपल्याकडच्या पोलिसांचं दहा नंबरशी काही नातं नव्हतं, शिवी मात्र आपण जशीच्या तशी उचलली.

त्याहून मोठा मान ४२० चा. भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम. संहिता १८६० ची, आणि १९५५ च्या राज कपूरच्या 'श्री ४२०' नंतर तर वकिली न शिकलेल्या देशालाही ते कलम तोंडपाठ झालं. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. नव्या संहितेत फसवणूक कलम ३१८ खाली येते आणि ४२० क्रमांकाचं कलम उरलेलंच नाही, कारण सगळी संहिताच ३५८ कलमांत संपते. पोलीस ठाण्यात आता फिर्याद ३१८ खाली लिहून घेतात. ती लिहून घेताना फिर्यादी मात्र समोरच्याला चारसोबीसच म्हणतो.